प्रेशर टिकलं म्हणजे इंजिन सुटलं असं नाही

तुम्ही लिहिलंत की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होण्यावरच्या माझ्या लेखाप्रमाणे आधी रेडिएटरचं झाकण बदललं, मग थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट केली (हातपंपाने कूलंटच्या वाटेत दाब भरून तो टिकतो का पाहिलं), अर्धा तास काटा हलला नाही म्हणून निर्धास्त झालात आणि तीन आठवड्यांनी गाडी तापून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधलं सील) गेलेलं निघालं. पुढे तुमचं म्हणणं असं, की जुन्या गाडीत कूलंट कमी व्हायला लागलं की चाचण्यांत वेळ न दवडता सरळ हेड उतरवावं. तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. सल्ला मान्य नाही.

'प्रेशर टिकलं तर सिस्टिम ठीक' हे वाक्य मी लिहिलं होतं आणि ते चुकीचं आहे. तुमचं नुकसान त्यामुळे झालं, याबद्दल मनापासून माफी मागतो. हातपंपाने आपण देतो तो दाब झाकणावर छापलेला असतो तेवढाच, साधारण 1 बार. इंजिन जोर लावत असताना सिलिंडरमधला दाब पेट्रोल गाडीतही 40-50 बारच्या घरात जातो. गॅस्केटला केसाएवढी फट असेल तर 1 बारने पाणी तिच्यातून सरकत नाही, पण जळता वायू त्याच फटीतून पाण्याच्या वाटेत घुसतो. तो वर साठतो, दाब वाढवतो, झाकणाची झडप उघडते आणि कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून चालत्या गाडीतून रस्त्यावर जातं. म्हणून पार्किंगमध्ये थेंब नाही, ऑइल स्वच्छ, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, तरी पातळी उतरते. तुम्ही सांगितलेलं 'घाट चढला की जास्त कमी होतं' हे याच्याशी तंतोतंत जुळतं. हा तपशील लेखात असता तर तुम्ही तेव्हाच थांबला असतात.

थंड प्रेशर टेस्ट बाहेरची गळती दाखवते: होज पाइपची सैल क्लिप, वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राशी सुकलेला रंगीत थर, हीटरच्या जाळीमुळे ओला झालेला गालिचा. गॅस्केटसाठी वेगळं बघावं लागतं. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना फुस्स आवाज आला, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा ताठ झाला, तर शंका घ्यावी; इतक्या लवकर पाणी तापून दाब तयार होत नाही. (गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीच उघडू नका.) खात्रीसाठी निळ्या रसायनाची चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा त्यातून ओढायची. तिच्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. फट बारीक असली तर पहिल्या वेळी रंग बदलतोच असं नाही, म्हणून गाडी चांगली पळवून आणल्यावर पुन्हा करावी. तरीही शंका उरली तर एकेका सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते पाहावं.

आता सरळ हेड उतरवण्याबद्दल. एका जुन्या डिझेल गाडीत मी नेमकं हेच करू दिलं होतं. ठिबक नाही, ऑइल स्वच्छ, म्हणजे गॅस्केटच, असं वर्कशॉपने ठरवलं आणि मीही मान डोलावली. गॅस्केट धडधाकट निघालं. नवं बसवल्यावरही कूलंट पूर्वीसारखंच कमी होत राहिलं. शेवटी इजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा एक्झॉस्टचा वायू कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटलेला सापडला. पाणी थेट एक्झॉस्टच्या वाटेने वाफ होऊन जात होतं. तो कूलर सोडवून, तोंडं बंद करून दाब दिला असता तर हेडला हात लावावा लागला नसता. शिवाय हेड उतरवताना कूलंट, होज, क्लिपा, झाकण सगळंच बदललं जातं. मग गळती थांबली तरी दोष कशात होता हे कळायची सोय राहत नाही.

लेखातलं ते वाक्य आज बदलतो आहे आणि गॅस्केटच्या चाचण्या प्रेशर टेस्टच्या लगेच खाली घालतो आहे.

तुमचं हेड अजून बसवलेलं नसेल तर दोन गोष्टी करा. तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, तेव्हा सरळ पट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्या) लावून त्याची सपाटी तुमच्यासमोर तपासायला सांगा. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकणार नाही. आणि जुनं गॅस्केट फेकू देऊ नका. सिलिंडरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत गेलेली काळी रेघ त्यावर दिसते का पाहा. ती दिसली नाही, तर नवं गॅस्केट बसवण्याआधी हेडला तडा आहे का हेही तपासून घ्या.