चाळिशी-पन्नाशीतल्या बाईचं चित्र कुठं आहे?

हातानं काढलेली बायकांची चित्रं आठवून बघा. फोटो नव्हे, चित्रं. पाहुण्यांच्या दिवाणखान्यातली, दवाखान्याच्या भिंतीवरची, कॅलेंडरवरची, जुन्या दिवाळी अंकांवरची. बहुतेक बायका विशीतल्या निघतील. कमरेवर घागर, केसांत गजरा, नजर खाली. उरलेल्या सत्तरीपुढच्या. सुरकुत्या, गोंदण, बोळकं, आणि डोळ्यांत चित्रकारानं भरलेलं पाणी. मधली बाई कुठं गेली? फिया भरणारी, भिशी लावणारी, सासऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ असलेली, शेतावर जाऊन येऊन परत भाकरी थापणारी? तिचं चित्र कुणी काढत नाही.

मी चित्रं काढते, त्यातली जास्त बायकांचीच. मी स्वतः त्याच वयात आहे, म्हणून मला हे खुपतं असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मोठ्यांना नावं ठेवायला बसलेले नाही, हे आधी सांगते. दिवाळी अंकांची आणि कॅलेंडरांची चित्रं काढणारे दलाल आणि मुळगावकर, यांच्या रेषेवर आमच्या आधीच्या दोन पिढ्यांचे डोळे तयार झाले. बेळगावात तर के. बी. कुलकर्णी सरांमुळं समोर माणूस बसवून चित्र काढायची शिस्त रुजली. चित्रकार रवी परांजपे इथलेच, त्यांच्याच हाताखाली शिकलेले. एवढं सगळं गावात असताना मधल्या वयाची बाई चित्रातून निसटते, म्हणून जास्त बोचतं.

हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र घ्या. आजही लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवतात. आहे ते सावळाराम हळदणकरांचं, १९४५-४६ सालचं, आणि चक्क जलरंगातलं. ज्योतीवर धरलेल्या हाताच्या बोटांतून तो लालसर उजेड आरपार येतो ना, तो जलरंगात सांभाळायचा म्हणजे काय असतं हे ज्यानं ब्रश धरलाय त्यालाच विचारा. चित्र आहे म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये. त्यासाठी उभी राहिलेली त्यांची लेक, गीताबाई उपळेकर, राहायची कोल्हापुरात. आम्ही बेळगाववाले दोन्हींच्या मधे. गीताबाई २०१८ मध्ये गेल्या, वयाच्या १०२ व्या वर्षी. म्हणजे त्या चित्रानंतर सत्तरेक वर्षं त्यांचा चेहरा बदलत राहिला. आपल्याला ठाऊक असलेला चेहरा मात्र एकच, दिव्याजवळचा. चित्राचा यात काही दोष नाही, ते उत्तमच आहे. पण त्याच एका चित्राच्या नकला करत आम्ही किती वर्षं काढायची? प्रत्येक आंतरशालेय स्पर्धेत दिवा घेतलेल्या पाच तरी मुली असतातच.

याहून मोठा नमुना आपल्या जिल्ह्यातच आहे. कित्तूरची राणी चन्नम्मा. तिचा जन्म १७७८ चा धरतात, कित्तूरची लढाई १८२४ ची. करा हिशेब. सेहेचाळीस! राजा गेलेला, गादीचा वारस गेलेला, दत्तक मुलाला इंग्रज मान्यता देईनात, आणि ही बाई लढाईला उभी राहिली. धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्या लढाईत पडला. आता बॅनरवरची चन्नम्मा बघा. गुळगुळीत गाल, धनुष्यासारख्या भुवया, ओठांना लाली. पंचविशीतली हिरॉईन घोड्यावर बसवलेली. सेहेचाळीस वर्षांच्या बाईचा राग काय असतो हे ज्यानं घरात एकदा तरी अनुभवलंय, त्यानं तिला असं काढायला नको होतं.

म्हाताऱ्या बायकांच्या चित्रांबद्दल तर मला जास्तच बोलायचंय, कारण ती बक्षिसं घेतात. सुरकुती म्हणजे भाव, असा एक गैरसमज आमच्या धंद्यात पक्का बसलाय. मोबाइलवर फोटो काढायचा, प्रत्येक सुरकुती टोकदार पेन्सिलीनं कोरायची, खाली 'प्रतीक्षा' नाहीतर 'माय' असं लिहायचं. बघणारा म्हणतो, "अरे बापरे, किती बारीक काम!" काम बारीक आहेच. पण त्या आजीला चित्र काढताना काय वाटत होतं, ती खट्याळ आहे की कजाग, तिला चहा हवा होता की घरी जायचं होतं, यातलं काही दिसत नाही. तिचं दुःख चित्रकारानं घरूनच ठरवून आणलेलं असतं.

जर्मन चित्रकार ड्युररनं १५१४ मध्ये आपल्या आईचं कोळशानं चित्र काढलं. ती त्रेसष्ट वर्षांची होती, आणि चित्रानंतर दोनेक महिन्यांत गेली. अठरा बाळंतपणं झालेली बाई. त्यातली मोठी होईपर्यंत जगली फक्त तीन मुलं. चित्रात गळ्याच्या शिरा दिसतात, कपाळाचं हाड दिसतं, दोन डोळे दोन दिशांना बघतात. पण बिचारेपणा म्हणाल तर कुठंच नाही. ओठ घट्ट मिटलेले. कुणी दया दाखवली असती तर तिनं हाकलून लावलं असतं, असा चेहरा. पाचशे वर्षांपूर्वी एका मुलाला जे जमलं ते आमच्या 'माय'वाल्यांना का जमू नये?

मधल्या वयाची बाई चित्रात नसण्याचं एक कारण अगदी साधं आहे. ती बसत नाही. तरुण मुलगी हौसेनं बसते, म्हातारीला वेळ असतो. हिला सांगितलं, अर्धा तास बस, तर उत्तर तयार असतं, "मी काय बसणार हो, नळाला पाणी यायचा टाइम झाला, जातो मी." आणि बसलीच तर फोटोसाठी बसल्यासारखी बसते. पदर नीट, हनुवटी वर, चेहऱ्यावरचं सगळं पुसून टाकलेलं. आधार कार्डावरचा चेहरा.

म्हणून मी तिला गाठते बसमध्ये. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून खानापूर-बेळगाव गाडीत नुसत्या बायका. त्यावर लोक काय वाट्टेल ते बोलतात, बोलू देत. मला त्यातलं एवढंच कळतं की ज्या बायका बाजार आणि माहेर सोडून कुठं जात नव्हत्या त्या आता शून्य रकमेचं तिकीट घेऊन खिडकीला बसलेल्या दिसतात. त्या तासाभरात त्यांना कुणी हाक मारत नाही. चेहरा आपोआप मोकळा होतो. वरचा ओठ जरा सैल पडतो, भुवयांमधली आठी तशीच राहते, आणि डोळे काहीतरी मोजत असतात. आनंदी म्हणावं तर तसं नाही, दुःखी तर नाहीच. हिशेब चाललेला असतो. माझ्या मते आपल्या भागातल्या बायकांच्या चेहऱ्यावरचा मुख्य भाव हाच आहे, आणि नवरसांच्या यादीत तो नाही. शेजारची मात्र वहीत डोकावतेच. "काय काढायलईस गे? मला? माझं नाक असं हाय?" आणि मग सगळी सीट हसते. ते हसूही मी सोडत नाही, पटकन दोन रेषा मारून ठेवते.

दुसरी जागा निपाणीकडची. विड्या वळणाऱ्या बायका. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, त्यामुळं हात थांबत नाही, आणि बाई तासन् तास एकाच जागी बसलेली असते. चित्रकाराला याहून काय पाहिजे! पान गुंडाळून विडीचं तोंड दुमडायच्या वेळी खालचा ओठ किंचित आत ओढला जातो, जवळजवळ प्रत्येकीचा. डोळे हाताकडे नसतात. ते शेजारणीकडे, दाराकडे, पोराकडे. हात आपलं काम करतात आणि चेहरा आपलं. त्या दोघांची फारकत कागदावर आली की चित्र झालं. तिथं एकीनं मला विचारलेलं आठवतंय, "आमचं काढून कोण घेणार गे?" खरं उत्तर असं की फारसं कुणी घेत नाही. हीच बाई सत्तरीची झाली की घेतील.

आता थोडं हातकामाचं, कारण शिकणारी पोरं ही पोस्ट वाचतात.

नाकपुडीपासून ओठाच्या कडेपर्यंत जी घडी येते, ती रेषेनं काढू नका. रेषा मारली की चाळिशीची बाई साठीची होते. ती घडी म्हणजे गाल वळतो ती जागा. कोळशाचा हलका हात फिरवा आणि मळायच्या रबरानं गालावरचा उजेड उचला, घडी आपोआप दिसते. डोळ्यांचा पांढरा भाग कागदाइतका पांढरा कधीच ठेवू नका. आणि भाव म्हणजे डोळे, हे विसरा. कुठल्याही फोटोतले डोळे बोटानं झाकून बघा. ओठांची टोकं आणि हनुवटी यांतूनच बाई रागावलीय की हसू दाबतेय ते कळतं. तोंड झाकून नुसते डोळे बघितलेत तर निम्म्या वेळा फसाल.

रंगाचं म्हणाल तर दुकानात 'फ्लेश टिंट' म्हणून जी ट्यूब मिळते ती आपल्या कामाची नाही. ती गुलाबी आहे. आपली कातडी यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन यांत मिळते, आणि सावलीत हिरवट-जांभळी होते. काळ्यासावळ्या कपाळावर खिडकीचा उजेड निळसर पडतो. तो निळा लावायला पोरं घाबरतात आणि पांढरा लावून चेहरा पिठूळ करतात. टिकली वर्षानुवर्षं एकाच जागी लावली की तिच्या गोंदानं तिथली कातडी वेगळ्या रंगाची होते. तेवढा एक ठिपका लावला तरी चेहऱ्याला वय येतं, एकही सुरकुती न काढता. तसंच कानाचं. जड कुड्यांनी लांबलेलं भोक बघा. बाईच्या अंगावर मोडायला ठेवलेलं सोनं किती दिवस होतं ते कान सांगतो.

पोटापाण्याचं कामही सांगते. ऑर्डरी येतात त्यातल्या बऱ्याच बाई गेल्यावर येतात. मुलगा कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो आणतो, त्यात आई तिसऱ्या रांगेत, अर्धं तोंड कुणाच्या तरी फेट्यामागं. "एवढं जरा मोठं करून द्या. आणि थोडं गोरं करा. नथ घाला, शालू नेसवा." मी शालू नेसवते, पैसे घेते, खोटं कशाला बोलू. गोरं मात्र करत नाही. एकदोघं त्यावरून चिडून गेले. पण मला राहून राहून वाटतं, बाई जिवंत असताना, तिच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, या पोरांनी तिला अर्धा तास दिला असता तर फेट्यामागून आई शोधायची वेळ आली नसती. गाडीचे फोटो काढतात, बैलाचे काढतात, आणि आई स्वयंपाकघरात असते म्हणून राहून जाते.

तर मंडळी, रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, मी घरी बायकांना बसवून चित्रं काढते. वय तीस ते साठ. पैसे घेत नाही, चित्राची एक प्रत तुम्हाला, मूळ माझ्याकडं. अटी थोड्याच आहेत. पावडर नको. कामाचीच साडी चालेल, गाऊनसुद्धा चालेल. हातात काम घेऊन या. शेंगा फोडा, वाती वळा, लसूण सोला, मला सगळं चालतं. फोन पर्समध्ये. आणि येताना नवऱ्याला आणू नका. गेल्या खेपेला एकजण मागं उभं राहून सारखे म्हणत होते, "अगं, जरा हसल्यासारखं कर की." शेवटी तिनं त्यांच्याकडं जे बघितलं ते मी काढून घेतलंय. पहिल्या कमेंटमध्ये टाकते, तिची परवानगी आहे. त्यांची विचारलेली नाही.