नाईकांचं बिल कुठल्या विंडोत?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. गिऱ्हाईक किराण्याची अर्धी यादी सांगतं आणि 'माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान बघून येतो' म्हणत गर्दीत गडप होतं. म्हणून दुकानाच्या शेटांनी मला, म्हणजे त्यांचा बिलाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला, फर्मावलं, "बाब, त्याचं बिल तसंच उघडं राहू दे, पुढच्याला नवी विंडो दे." दिली. दुपारपर्यंत पडद्यावर विंडोच विंडो. मग हुकूम आला, "नाईकांचं बिल वर काढ!"

मी प्रोग्रॅम लिहितो मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये. त्यात 2005 पासून 'ओपनफॉर्म्स' अशी उघड्या विंडोंची यादी मिळते. नाव सांगा, विंडो घ्या. मी 'फॉर्मबिल' मागितलं, पहिल्या गिऱ्हाइकाचं बिल आलं. पुन्हा मागितलं, पुन्हा तेच. कारण विंडो आखायचं डॉटनेटचं साधन, डिझायनर, नाव साच्यातच लिहून ठेवतं, आणि त्यातून निघणारी प्रत्येक विंडो 'फॉर्मबिल'च. आतले रकाने मात्र चालू प्रोग्रॅममध्ये जन्मलेले, त्यांना नावच नाही. कोडमधल्या व्हेरिएबलला मी काहीही म्हणेन, रकान्याची स्वतःची 'नेम' प्रॉपर्टी रिकामी ती रिकामीच. डोळ्यांसमोर असलेला रकाना प्रोग्रॅम शपथेवर नाकारतो.

मडगावचा एक मित्र म्हणाला, डब्ल्यूपीएफ वापर, डॉटनेटमध्येच विंडो बनवायची दुसरी पद्धत. तिथे कोडमधून नाव ठेवूनही भागत नाही, 'रजिस्टरनेम'ने बारसं करावं लागतं, नाहीतर नावावरून शोधणारं 'फाइंडनेम' थंडपणे 'नल', म्हणजे काहीच नाही, देतं. त्याच नावाने दुसरं बारसं केलंत तर एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅमची चूक! (असले सल्ले देणारे मित्र चवथीला नेमके गावी असतात.)

विंडोजचं 'फाइंडविंडो' शीर्षकावरून शोधतं. पण शेटांच्या हौसेखातर शीर्षकात एकूण रक्कम होती. बिलात एक नारळ वाढला की शीर्षक बदललं, विंडो हरवली.

शेवटी प्रोग्रॅममध्ये डिक्शनरी, म्हणजे जोड्यांची यादी, ठेवली. बिल नंबर ही किल्ली, समोर विंडो. विंडो बंद झाली की नोंदही पुसायची, नाहीतर मेलेलीला हाक जाते आणि 'डिस्पोज्ड ऑब्जेक्ट' म्हणून प्रोग्रॅम बोंबलतो. शेटांना अभिमानाने म्हटलं, "आता नंबर सांगा."

"नंबर कोण लक्षात ठेवतो रे? नाईक म्हण."

"शेट, आत्ता तीन नाईक उघडे आहेत."

"ते गूळ घेतलेले."

आता बिलातल्या मालावरून शोध लिहितोय. गूळ तिघांनीही घेतलाय.