स्वस्त जमीन पुरेशी नाही
जमीन स्वस्तात मिळाली की नवं नगर वसवणं परवडतंच, हे नव्या नगरांवरच्या एका लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. खरा घात करतं ते व्याज. पाण्याची मुख्य वाहिनी, मलनिस्सारण, वीज उपकेंद्र, जोडरस्ते हे सगळं बहुतेक पहिला भूखंड विकण्याआधीच उभं करावं लागतं आणि पैसा येतो विक्री होईल तसा. १० टक्के चक्रवाढीने कर्ज ५ वर्षांत १.६१ पट होतं. विक्री आणखी ३ वर्षं लांबली की २.१४ पट! शिवाय रस्ते, बागा, शाळा वगळून विकाऊ जमीन निम्मीच उरली, तर तिच्या प्रत्येक चौरस मीटरवर दुप्पट खर्च चढतो.

म्हणून या कामांचे टप्पे पाडावेत, पण विचार करून. मलशुद्धीकरण केंद्र एकेक संच जोडत वाढवता येतं. गाडलेली वाहिनी पुन्हा उकरणं फार महाग पडतं, तिथे सुरुवातीलाच पूर्ण क्षमता हवी.