चालू इंजिनावर बॅटरीची केबल उपटू नका

‘मेकॅनिककडे न जाता गाडीची बॅटरी तपासा’ असा एक मजकूर सारखा फॉरवर्ड होतो. शब्द थोडेफार बदलतात, सल्ले तेच राहतात. त्यातले पहिले दोन तर गाडीचं किंवा डोळ्यांचं नुकसान करतील असे आहेत, म्हणून एकेक दावा तपासू. खालचं सगळं नेहमीच्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीबद्दल आहे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबलना हातही लावू नये.

दावा: इंजिन चालू ठेवून निगेटिव्ह केबल काढा. इंजिन बंद पडलं नाही, तर अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) चांगला.

गाडीत कॉम्प्युटर नव्हते तेव्हा हे खपून जायचं. अल्टरनेटर बॅटरीला जोरात चार्ज करत असताना केबल निघाली, की तो करंट घेणारं कोणी उरत नाही. अल्टरनेटरच्या फिरत्या भागातलं (रोटरमधलं) चुंबकीय क्षेत्र लगेच विरत नाही, व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरला सावरायला सेकंदाचा काही भाग तरी लागतो, आणि तेवढ्यात व्होल्टेज उसळतं. संरक्षण नसेल तर ही उसळी ८० ते १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये ती दाबणारे डायोड असतात, पण ते अपघातासाठी. आपण मुद्दाम त्यांची परीक्षा कशाला घ्यायची? बरं, एवढं करून कळतं काय? एखादा डायोड गेलेला अल्टरनेटरही इंजिन चालू ठेवतो.

त्यापेक्षा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावून, रेस थोडी वाढवूनही आकडा १३ च्या खाली घसरत असेल, तर बेल्ट, वायरिंग किंवा अल्टरनेटर बघावा लागेल. १५ च्या वर जाऊन तिथेच राहत असेल, तर रेग्युलेटरवर संशय घ्या. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून एका रीडिंगवर निकाल देऊ नका.

दावा: दोन टर्मिनलमध्ये पाना टेकवा. ठिणगी मोठी पडली तर बॅटरी दमदार.

ही चाचणी नव्हे, शॉर्ट सर्किट आहे. पान्यातून शेकडो अँपिअर जातात आणि पाना तिथेच चिकटू शकतो. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेतो. अशा वेळी ठिणगी पडली, तर बॅटरीचं झाकण फुटून ॲसिड तोंडावर येतं.

केबल काढण्याचा क्रमही याचसाठी ठरलेला आहे: आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना ती शेवटी. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, म्हणून पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, तर तोच शॉर्ट होतो. अंगठी, कडं, धातूचा पट्टा आधी उतरवा, चष्मा लावा. जंप स्टार्ट करताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता, बॅटरीपासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूवर लावतात, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच.

दावा: मीटरवर १२ व्होल्ट आले म्हणजे बॅटरी फुल.

उलट, ती जवळपास उतरलेली आहे. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. नुकतीच गाडी चालवून आणली असेल, तर आकडा फुगलेला दिसतो.

पण १२.६ दाखवणारी बॅटरीही लोडखाली, म्हणजे जास्त करंट द्यायची वेळ आली की, बसू शकते. म्हणून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. बॅटरी चार्ज असून, हवा फार थंड नसताना आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी संशयास्पद. इथे मीटरची टोकं क्लॅम्पवर (केबलच्या पकडीवर) नको, बॅटरीतून वर आलेल्या शिशाच्या पोस्टवरच टेकवा. मग सेल्फ मारतानाच एक टोक पोस्टवर आणि दुसरं त्याच पोस्टच्या क्लॅम्पवर ठेवा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर सांधा ढिला किंवा गंजलेला आहे. चांगली बॅटरी बदलली जाते ती बऱ्याचदा याच सांध्यापायी.

दावा: पाणी कमी झालं की ॲसिड घाला, पॉवर वाढते.

चार्जिंगमध्ये उडून जातं ते पाणी. ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड घातलं, की द्रावण तीव्र होऊन प्लेट्स लवकर खराब होतात. डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको. बॅटरी उतरलेली असेल तर आधी फक्त प्लेट्स बुडतील एवढं घाला, पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरा. चार्ज होताना पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं.

हायड्रोमीटर (द्रावणाची घनता मोजणारं साधन) असेल तर बॅटरीचे सहाही सेल, म्हणजे कप्पे, मोजा. पूर्ण चार्जला घनता १.२६५ ते १.२८० च्या आसपास असते. पाच सेल १.२६० दाखवत असतील आणि एक १.१९० वर अडला असेल, तर तो सेल गेला. सील्ड बॅटरीचं झाकण उचकटू नका.

दावा: टर्मिनलवर कोला ओता, गंज निघतो.

निघतो, पण मागे साखरेचा चिकटा राहतो, आणि ॲसिडवर ॲसिड ओतून काही शमत नाही. केबल काढून, कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा, ब्रशने लावा, फेस थांबला की साध्या पाण्याने धुवा. सोडा व्हेंटमधून (वायू बाहेर पडायच्या भोकांतून) आत जाऊ देऊ नका. क्लॅम्प कसल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

दावा: सिमेंटच्या फरशीवर ठेवली तर बॅटरी उतरते.

जुन्या, पाझरणाऱ्या केसच्या काळातली गोष्ट. आजच्या प्लास्टिकच्या केसमधून फरशीत काही जात नाही. बॅटरी आपोआप उतरते ती कुठेही ठेवा, आणि उष्णतेत जास्त वेगाने. ठेवून द्यायची असेल तर फुल चार्ज करून ठेवा, महिन्याने मोजा, आणि १२.४ च्या खाली गेली की पुन्हा चार्ज करा. उतरलेली तशीच पडून राहिली, तर प्लेट्सवर सल्फेट घट्ट बसतं, आणि मग चार्जर लावूनही ती पूर्वीसारखी चार्ज होत नाही.