“बोलेल की गं” म्हणण्याआधी बाळाचे कान तपासा

दीड-दोन वर्षांचं मूल बोलत नाही म्हटलं की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. “मुलगाच तो, मुलगे उशिराच बोलतात.” “आधी चाललं ना, मग बोलायला वेळ लागणारच.” “बापावर गेलंय. तोही चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता बघ.” कुणी अक्कलकाढ्याची पूड आणून देतं, कुणी वेखंड मधात उगाळून जिभेला चोळायला सांगतं, कुणी पोपटाचा उष्टा पेरू शोधायला लावतं. हे सगळं मी ऐकलंय, बरंचसं माझ्याच घरात. सांगणाऱ्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण एवढ्या सल्ल्यांत एक सल्ला कुणीच दिला नाही, आणि सगळ्यात आधी तोच द्यायला हवा: बाळाला नीट ऐकू येतंय का, ते मशीनवर तपासून घ्या.

माझ्या मुलाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. आता तो शाळेत जातो, दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावतो, आणि भरपूर बोलतो. पण दीड वर्षाचा असताना त्याचं बोलणं “आं” आणि “ब्बा” यापुढे जात नव्हतं, आणि घरातला प्रत्येक माणूस मला धीर धरायला सांगत होता.

घरोघरी एक चाचणी होते. बाळाच्या मागे उभं राहायचं आणि स्टीलची ताटली चमच्यानं वाजवायची. बाळानं मान वळवली की ऐकू येतंय. आमच्याकडे सासूबाईंनी वाजवली, आत्याबाईंनी वाजवली, माहेरी माझ्या आईनं वाजवली. तो दरवेळी वळला. सगळे निर्धास्त झाले. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. जाऊबाईंची मुलगी त्याच्याच वयाची. स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा उघडला की त्या कागदाच्या चुरचुरीवर ती पुढच्या खोलीतून धावत यायची. माझा मुलगा तिला पळताना बघून तिच्यामागे पळायचा. ती घरी नसली की मात्र पुडा उघडा नाहीतर डबा, तो आपल्या गाडीशी खेळत बसलेला. आणि बिस्किटावर तर त्याचा जीव होता.

पुढे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या मॅडमनी याचा उलगडा केला. ताटलीचा आवाज मोठा असतो. शिवाय मागे उभ्या माणसाची सावली, पदराची हालचाल, फरशीची थरथर हेही बाळाला कळतं. मध्यम प्रमाणात कमी ऐकू येणारं मूल ताटलीला वळतं, दार आपटलं की दचकतं, फटाक्याला रडतं. पण आपलं रोजचं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं, आणि त्यातही स, श, फ यांसारखे आवाज बारीक आणि उंच पट्टीतले. ते अशा मुलापर्यंत पोचत नाहीत, किंवा अर्धेमुर्धे पोचतात. माणसं बोलतायत हे त्याला कळतं, काय बोलतायत ते कळत नाही. मग ते उचलणार तरी काय?

आणखी एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती, आणि फार कमी आईबापांना माहीत असते. जन्मापासून ज्याला अजिबात ऐकू येत नाही असं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, खिदळतं, “आगू आगू” करतं. त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. फरक दिसायला लागतो तो सहाव्या-सातव्या महिन्यानंतर. ऐकणारं बाळ “बाबाबा”, “दादादा”, “मामामा” अशी माळ लावायला लागतं. ज्याला ऐकू येत नाही त्याची ही बडबड उशिरा येते, तुटपुंजी राहते, नाहीतर हळूहळू विरून जाते. आठ-नऊ महिन्यांचं बाळ पूर्वीपेक्षा गप्प झालं, तर “शहाणं झालं” म्हणून सोडून देऊ नका.

मग शब्द किती यायला हवेत? रात्री बाळ झोपल्यावर प्रत्येक आई मोबाईलवर हे शोधते. एका तक्त्यात दोन वर्षांना पन्नास शब्द असतात, दुसऱ्यात अडीच वर्षांना. दोन्ही वाचून जीव टांगणीला लागतो. याचं कारण साधं आहे. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी संस्थेनं २०२२ मध्ये आपला तक्ता नव्यानं केला, आणि चारांतली तीन किंवा त्याहून जास्त मुलं जे करतात ते त्या वयाच्या रकान्यात टाकलं. त्यात पन्नास शब्द अडीच वर्षांना आले. स्पीच थेरपिस्टांच्या नेहमीच्या तक्त्यांत ते दोन वर्षांना असतात, आणि या बदलावर त्यांनी जोरदार आक्षेपही घेतले. म्हणजे पन्नास हा आकडा काही दगडावरची रेघ नाही.

दुसरं म्हणजे आपण मोजतो कसं. “मम”, “भू”, “हम्मा”, “भुर्र”, “जोजो” हे सगळे शब्दच आहेत. बाळ दरवेळी त्याच गोष्टीसाठी तोच आवाज काढत असेल तर तो शब्द धरायचा, उच्चार कितीही बोबडा असो. “पाणी” नीट म्हणत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या आया मी पाहिल्यात, आणि त्यांचं बाळ दिवसभर “पाप्पा, पाप्पा” करत माठाकडे बोट दाखवत असतं. ते बाळ बोलतंय!

खरं तर त्या वयात शब्दांपेक्षा त्या बोटाकडे जास्त बघावं. नऊ महिन्यांच्या आसपास नावानं हाक मारल्यावर वळतं का? वर्षाचं झालं की टाटा करतं का? सव्वा वर्षापर्यंत हवी ती वस्तू बोटानं दाखवून मागतं का? आकाशातलं विमान तुम्हाला दाखवायला बोट उचलून तुमच्या तोंडाकडे बघतं का? दीड वर्षाला “चेंडू आण” म्हटलं की, तुम्ही हातानं किंवा नजरेनं खुणावलं नाही तरी, जाऊन आणतं का? दोन वर्षांना “आई ये”, “बाबा गेले” असे दोन शब्द जोडतं का? यातलं बरंच होत असेल आणि शब्दच तेवढे कमी असतील, तर काळजी पुष्कळ हलकी होते. हाकेला वळत नसेल, डोळ्यांत बघत नसेल, बोट दाखवत नसेल, तर कानांबरोबरच विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांनाही दाखवायला हवं. आणि आधी आलेले शब्द गेले असतील, तर मूल कितीही वयाचं असो, एक आठवडाही थांबू नये.

आम्हाला एका डॉक्टरांनी तीन वर्षांपर्यंत थांबायला सांगितलं होतं. मला ते पटलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि बेरा, म्हणजे मशीनवरच्या कानांच्या तपासणीची तारीख घेतली. ही तपासणी बाळ गाढ झोपेत असताना करतात, म्हणून त्याला पहाटेच उठवून दुपारपर्यंत जागं ठेवायचं होतं. तो नेमका रिक्षात झोपला, तिथं पोचल्यावर टक्क जागा झाला, आणि मग त्या मंद उजेडाच्या खोलीत मी त्याला खांद्यावर घेऊन कितीतरी वेळ थोपटत राहिले. झोपल्यावर कपाळावर आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवले, कानांत मऊ नळ्या बसवल्या. कानांत टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचलं त्याच्या लाटा पडद्यावर दिसतात. मग आवाज थोडा थोडा कमी करत नेतात, आणि लाट दिसेनाशी होते तिथं थांबतात. ना सुई टोचतात, ना दुखतं. मी त्या लाटा बघत होते. बाकीच्या आयांनी सांगितलेल्या पातळीच्या किती तरी आधीच त्या सपाट झाल्या.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी रोज अंगाई म्हणत होते ती त्याला ऐकूच येत नव्हती होय गं?” श्रवणयंत्रं आली तेव्हा ती कानांत बसवायला सगळ्यात आधी त्याच शिकल्या. कानाचा साचा सैल झाला की यंत्र शिटी मारतं, मूल वाढतं तसा साचा नवा करावा लागतो, रात्री यंत्र कोरड्या डबीत ठेवावं लागतं, हे आता माझ्याइतकंच त्यांना माहीत आहे.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर आईवर फिरणाऱ्या बोटाचा. “तूच बोलत नसशील त्याच्याशी.” “मोबाईल देत असशील.” दोन वर्षांखालच्या बाळांना स्क्रीन नको, हे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनंही सांगितलंय, नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा सोडून. मी ते मानते. कार्टून पाहण्यात गेलेला तास हा माणसांशी बोलण्यातून कमी झालेला तास असतो. पण बोलायला उशीर म्हणजे मोबाईलच, असं धरून चाललं की खरं कारण शोधायचं राहून जातं. मोबाईल बंद करून चार महिने वाट बघतात, आणि बाळाचे कान तसेच.

जिभेचंही तेच. “जीभ जड आहे, खालचा पडदा कापून आणा” असं सर्रास सांगतात. जीभ टाळूला चिकटत नसेल तर दूध ओढायला त्रास होऊ शकतो, काही अक्षरं बोबडी राहू शकतात. पण मूल बोलतच नाही, शब्द समजतच नाहीत, याचं कारण तो पडदा नसतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, वेखंडाबरोबर नाही आणि नुसताही नाही. त्यातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

भाषांबद्दलही सांगते. माझं माहेर निपाणीचं. घरात मराठी, शेजारी आणि गल्लीत कन्नड. “दोन भाषांनी पोर गोंधळलंय, एकच ठेवा” हे आम्हाला खूप जणांनी ऐकवलं. दोन भाषा ऐकल्यानं बोलण्यात दोष येत नाही. अशा मुलाचे दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. त्यामुळे आजोळची कन्नड बंद करण्याचं काहीच कारण नाही. आणि प्लेग्रुपवाल्यांनी सांगितलं म्हणून घरात मोडकं इंग्रजी बोलायला लागणाऱ्या आईबापांना तर मी हात जोडून सांगते, तुम्हाला जी भाषा सहज येते, जिच्यात रागावता येतं आणि लाड करता येतात, तीच बोला. आजीशी बोलायला मुलाला तीच लागणार आहे.

घरी काय करायचं ते थेरपिस्टनी आम्हालाच शिकवलं. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीवर बसून बोलायचं. “म्हण ना, म्हण की” असं मागे लागायचं नाही, पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही. केळं आणि बिस्किट दोन्ही हातांत धरून “काय देऊ?” विचारायचं आणि थांबायचं. हे थांबणं फार अवघड जातं, आपण लगेच देऊन मोकळे होतो. त्यानं “भू” म्हटलं की आपण “हो, भूभू आला. काळा भूभू” असं एक पाऊल पुढचं म्हणायचं.

दोन वर्षांना कमी बोलणारी निम्म्याहून जास्त मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात. हे खरं आहे, आणि म्हणूनच “बोलेल की” म्हणणारे बऱ्याचदा बरोबर ठरतात. पण आपलं मूल त्यातलं की उरलेल्यांतलं, हे घरी बसून कुणालाच सांगता येत नाही. कमी ऐकू येणाऱ्या बाळांसाठी जगभर एक-तीन-सहा हा क्रम सांगतात: पहिल्या महिन्यात कानांची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू. मेंदू भाषा पकडायला सगळ्यात तयार असतो ती ही पहिली वर्षं. वाट बघण्यात ती गेली तर पुढे दुप्पट कष्ट पडतात, आणि ते त्या लेकराला पडतात.

पैशांची अडचण असेल तरी रस्ता आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तेव्हा बोलण्याचं आवर्जून सांगा, आणि पथक यायची वाट न बघता जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे मुलांच्या अशा अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात गेलात तरी चालतं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, ती याच कामासाठी. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र लागणार असेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण त्यासाठी मूल लहान असतानाच जावं लागतं.

आणि घरात कुणी बाळंत होणार असेल तर घरी सोडण्याआधी बाळाच्या कानांची ओएई चाचणी झाली का ते विचारा. कानात छोटी नळी बसवून काही मिनिटांत होते. बाळ पाच दिवसांपेक्षा जास्त काचेच्या पेटीत होतं, कावीळ फार वाढली होती, मामाच्या किंवा आत्याच्या नात्यात लग्न झालंय, घराण्यात कुणाला लहानपणापासून ऐकू येत नाही, यातलं काही असेल तर बेराही करून घ्या. कागदावर “रेफर” आलं म्हणजे बाळ बहिरं आहे असं नाही, कानात चिकट पाणी असलं तरी तसं येतं. चाचणी पुन्हा करायची, एवढाच त्याचा अर्थ. ती कधी करायची त्याची तारीख तिथंच लिहून घ्या.