पूररेषा मनाई करते, हक्क देत नाही

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की कोल्हापुरात तोच वाद नव्यानं पेटतो. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला प्लॉट दिले, तरी माणसं गाव सोडत नाहीत, मग सरकारनं दरवर्षी सानुग्रह अनुदान का द्यावं? न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये बसून हे वाचताना डोकं फिरतं. ‘तिकडं राहून बोलायला काय जातंय’ हे उत्तर येणार, हेही ठाऊक आहे.

गाव का सुटत नाही ते आधी बघा. प्लॉट मिळतो कुटुंबप्रमुखाच्या नावे, आणि पुढच्या पिढीत त्याच घरात तीन चुली होतात. प्लॉटवर घर कसंबसं बसतं. म्हशी, वैरण, शेणी ठेवायच्या कुठं? ऊस नदीकाठच्या रानात, धार पहाटे काढायची. बांधकामाचा पैसा पदरचा. त्यात मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, नाव चढलं नसेल तर बँक दारात उभी करत नाही. अशा जागेवर कुणी आयुष्याची कमाई घालावी?

आपल्या जिल्ह्याला पुनर्वसन नवं नाही. चांदोली, काळम्मावाडीच्या धरणांनी गावं उठवली. महाराष्ट्रानं १९७६ मध्येच प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, पुढं १९९९ चा आला. लाभक्षेत्रात जमीन, नवं गावठाण, नागरी सुविधा हे सगळं त्यात हक्क म्हणून लिहिलं गेलं. अंमलबजावणी रखडली, मोर्चे काढावे लागले, पण धरणग्रस्ताच्या हातात भांडायला कलम होतं.

पूरग्रस्ताच्या हातात काय आहे? २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्याचं १२ वं कलम मदतीचे किमान निकष ठरवायला सांगतं: निवारा, अन्न, पाणी, औषधं, सानुग्रह मदत. ही सोय पाणी चढल्यावरची. २०१९ मध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत मिळायला घर दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट शासन निर्णयात होती. माणसं छतावर अडकली असताना दिवस मोजले जात होते.

पूररेषांचंही तेच. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्यांच्या आधारे बांधकाम परवाना नाकारता येतो. घर निळ्या रेषेच्या आत आलं की त्याचा भाव पडतो, मात्र धोका सरकारनंच मान्य केलाय म्हणून सुरक्षित जागा मागायचा हक्क त्यातून मिळत नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर भांडायलाच हवं. त्या भांडणातून कुणाला घर मिळत नाही.

२०२३ च्या जानेवारीतला पूर आणि फेब्रुवारीतलं गॅब्रिएल चक्रीवादळ यानंतर ऑकलंड कौन्सिलनं घरागणिक धोका तपासला. जिवाला धोका आहे आणि तो आटोक्यात आणायचा परवडणारा उपाय नाही, ते घर कॅटेगरी ३. अशी घरं कौन्सिलनं विकत घ्यायची ठरवली. भाव धरला २६ जानेवारी २०२३ चा, म्हणजे पुराच्या आदल्या दिवशीचा. विमा असलेल्या, स्वतः राहणाऱ्या मालकाला ९५ टक्के, विमा नसलेल्याला ८०, आणि घरासाठी मिळालेले विम्याचे पैसे त्यातून वजा. एवढा पैसा महाराष्ट्राला झेपणार नाही, मान्य. पण भाव पाण्याआधीचा धरायचा, याला तिजोरी लागत नाही. मालकांचं असं झालं; भाडेकरूला मात्र त्या किमतीत वाटा नव्हता.

या देशाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. पॅसिफिकमधल्या किरिबाती या बेटांच्या देशातल्या इओआने टेइटिओटांनी चढत्या समुद्राचं कारण देऊन इथं निर्वासित दर्जा मागितला. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यावरून छळ व्हावा लागतो. समुद्र त्यात बसत नाही. २०१५ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानंही नाकारलं आणि त्यांची रवानगी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं पुढं तत्त्व मान्य केलं, की हवामान बदलामुळं जिवाला खरा धोका असेल तर परत पाठवता येणार नाही. त्यांची रवानगी मात्र चूक ठरवली नाही. माझं शिक्षण आणि नोकरी बघून याच देशानं मला घेतलं. ते आठवलं की इथं हक्कानं ‘आमच्याकडं’ म्हणताना जीभ अडते, आणि कोल्हापूरबद्दल म्हणायचा अधिकार उरलाय का, तेही कळत नाही.

शिरोळ-करवीर तालुक्यांतला पूरग्रस्त माणूस सीमा ओलांडतच नाही, त्यामुळं त्याला आंतरराष्ट्रीय दर्जाचा उपयोग नाही. त्याला राज्याचा कायदा हवा. निळ्या रेषेतल्या घरांची यादी पावसाळ्याआधी ग्रामसभेत वाचावी. घर नव्हे, चूल मोजावी. मिळकत पत्रिका नवरा-बायको दोघांच्या नावे करून मगच ताबा द्यावा. गोठ्याची जागा प्लॉटमध्येच धरावी, रान त्याचंच राहावं. आणि ज्याच्या नावावर भिंतसुद्धा नाही, त्या शेतमजुराचं नाव त्या यादीत पहिल्या दिवसापासून असावं.