तीन कोंबड्या आणि सात पौंड मीठ

माझी पुतणी नववीला आहे. परवा ती फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं पाठ करत होती. पहिलंच कारण, राजाराणीची उधळपट्टी. आणि पाठोपाठ ती केकची गोष्ट: लोकांना पाव मिळत नाही असं कळल्यावर राणी मारी आंत्वानेत म्हणे म्हणाली, मग केक खा. मी तिला वही मिटायला लावली आणि तासभर बोलत बसलो. तेच इथे लिहितोय, कारण त्या केकच्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. मारी आंत्वानेत तसं काही बोलल्याचा पुरावा नाही. पण त्या गोष्टीमुळे सगळा दोष एका बाईच्या जिभेवर ढकलला जातो आणि ज्या व्यवस्थेने पिढ्यानपिढ्या माणसं पिळली ती नामानिराळी राहते.

उधळपट्टी होती, नाही कशाला म्हणू? पण 1788 सालचा सरकारी हिशेब बघितला तर दरबारावरचा खर्च साधारण 6 टक्के निघतो. निम्मा खर्च नुसत्या कर्जाच्या व्याजात जात होता. लढायांचं कर्ज होतं ते, त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेली मदतही आली. प्रश्न एवढाच होता की हे फेडायचं कोणी.

12 जुलै 1789. आर्थर यंग नावाचा एक इंग्रज प्रवासी लॉरेन प्रांतात मार्स-ला-तूरजवळ घोड्याला विसावा म्हणून चढणीवर पायी चालत होता. वाटेत एक बाई सोबत चालू लागली. कमरेत वाकलेली, चेहरा कामाने रापलेला. त्याला वाटलं, साठ-सत्तरीची असेल. तिने वय सांगितलं, अठ्ठावीस. सात लेकरं, तुकडाभर जमीन, एक गाय, एक मरतुकडं घोडं. त्या तुकड्यापायी एका सरदाराला वर्षाला सुमारे 19 किलो गहू आणि तीन कोंबड्या द्यायच्या. दुसऱ्या सरदाराला त्याच्या चौपट मापाने ओट, एक कोंबडी आणि एक सू, म्हणजे तिथलं एक छोटं नाणं. सरकारी कर वेगळेच. ती म्हणाली, कोणी मोठी माणसं आम्हा गरिबांसाठी काहीतरी करणार आहेत असं ऐकलंय. कोण आणि कसं, ते तिला माहीत नव्हतं. यंगने हे आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलं, म्हणून ती बाई आपल्यापर्यंत पोचली. पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग लोकांच्या हाती पडायला तेव्हा दोन दिवस होते.

आता मीठ. उत्तर फ्रान्सच्या मोठ्या भागात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सात पौंड मीठ सरकारी कोठारातून घ्यावंच लागे. गरज असो नसो. तेही फक्त स्वयंपाकात आणि ताटात वापरायचं. डुकराचं मांस खारवायला तेच मीठ वापरलं तर गुन्हा, त्यासाठी वेगळं विकत घ्या. शेजारच्या ब्रिटनी प्रांताला हा कर माफ होता, त्यामुळे तिथे मीठ विसाव्या हिश्श्याहूनही कमी भावात मिळे. साहजिकच चोरटा धंदा फोफावला. बायका कपड्यांत लपवून मीठ आणत, कुत्र्यांच्या पाठीवर पिशव्या बांधून सीमेपार सोडत. पकडलं गेलं तर दंड, तुरुंग, पुरुषांच्या नशिबी सक्तमजुरी. मिठासाठी! आणि सरदार, धर्मगुरू, बडे अधिकारी यांतल्या कितीतरी जणांना मीठ सवलतीत किंवा फुकट.

मुख्य प्रत्यक्ष करातूनही सरदार आणि धर्मगुरू मोकळे. रस्ते बांधायला वेठीला शेतकरीच. चर्चला धान्याचा वाटा द्यायचा तोही त्यानेच. अनेक गावांत दळण सरदाराच्याच गिरणीत, पाव त्याच्याच भट्टीत, आणि दोन्हीकडे पैसे मोजून. सरदाराची कबुतरं पेरलेलं बी टिपून जात, पण कबुतर मारायची सोय नव्हती. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलोय. पेरलेल्या रानावर पाखरांचा थवा उतरला की पोटात काय कालवतं ते मला माहीत आहे. तिथे तर हातात दगड घ्यायचीही चोरी होती.

वरच्यांना सुधारायची संधी मिळाली नाही असं कोणी म्हणू नये. फेब्रुवारी 1787 मध्ये अर्थमंत्री कालोनने बड्या लोकांना राजाचा दरबार असलेल्या व्हर्सायला बोलावून सरळ सांगितलं होतं की जमिनीवर कर बसवू आणि तो सगळ्यांनी भरू. त्यांनी नाकारलं. दोनच महिन्यांत कालोनलाच जावं लागलं. माझ्या मते राजेशाहीचं मरण तिथेच ठरलं.

मग 1788 च्या जुलैत गारपिटीने पिकं झोपली, त्यावर भयंकर हिवाळा आला. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव साडेचौदा सूवर गेला आणि मजुराची दिवसाची कमाई 20 ते 30 सू. घरात चार तोंडं असली तर हिशेब तुम्हीच करा. पण उपासमार फ्रान्सला नवीन नव्हती. 1709 मध्ये माणसं थंडीने आणि भुकेने मेली होती, 1775 मध्ये पिठावरून दंगे झाले होते. तेव्हा सिंहासन हललं नाही. या खेपेला वेगळं काय होतं? या खेपेला राजाने स्वतःच विचारलं, तुमची गाऱ्हाणी काय? 1614 नंतर पहिल्यांदा धर्मगुरू, सरदार आणि बाकीची सगळी प्रजा अशा तिन्ही वर्गांची सभा भरणार होती, म्हणून गावोगाव लोक जमले आणि गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहिल्या गेल्या. ज्याचं दुःख आजवर त्याच्या चुलीपाशीच राहिलं होतं, त्याला कळलं की पलीकडच्या गावातही हेच चाललंय. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण वाटतो, बॅस्टिलपेक्षाही.

5 मे 1789 ला व्हर्सायला सभा भरली. सरदारांच्या अंगावर जरीचे कपडे, टोप्यांवर पिसं. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी साध्या काळ्या पोशाखात. लोकसंख्येत त्यांचा वाटा 95 टक्क्यांहून जास्त, पण प्रत्येक वर्गाला एकच मत धरलं तर वरचे दोन वर्ग विरुद्ध ते एकटे. सहा आठवडे ते यावर अडून बसले आणि 17 जूनला त्यांनी स्वतःलाच राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं. 25 डिसेंबर 1927 ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी अध्यक्षीय भाषणात याच सभेचा दाखला दिला. पाण्यासाठी जमलेल्या माणसांसमोर व्हर्सायचं उदाहरण का, हे ज्याला समजलं त्याला फ्रेंच क्रांतीसुद्धा समजली असं मी मानतो.

पुढचं बरंच सगळ्यांना माहीत आहे. नंतरच्या दहशतीचं समर्थन मी करत नाही, गिलोटिन या मुंडकं उडवण्याच्या यंत्राखाली गेलेल्यांत साधी माणसं थोडी नव्हती. पण एक गोष्ट पुतणीच्या पुस्तकात नव्हती. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री सरदारांनी आपले हक्क सोडले असं शिकवतात. कबुतरांचा आणि शिकारीचा हक्क गेला हे खरं. पण जमिनीवरची बरीचशी देणी तशीच राहिली. त्यातून सुटायचं तर शेतकऱ्याने आधी सरदाराला भरपाई मोजायची! लोकांनी ती द्यायला नकार दिला, ठिकठिकाणी सरदारांचे दस्तऐवज जाळले. सप्टेंबर 1792 मध्ये राजेशाही गेली, जानेवारी 1793 मध्ये राजाही गिलोटिनखाली गेला, तरी हा प्रश्न धगधगतच होता. भरपाईशिवाय ही देणी पूर्ण रद्द झाली ती 17 जुलै 1793 ला.

चढणीवरची ती बाई जिवंत असली तर तेव्हा बत्तीस वर्षांची असेल. तिच्या तीन कोंबड्या त्या दिवशी तिच्या झाल्या.